भागीदारी मोडून मागताना

भागीदारीचं भांडण घेऊन येणारा पक्षकार मला दारातच ओळखू येतो. जमिनीच्या वादातला माणूस तावातावाने येतो, सोडचिठ्ठीवाला गप्प येऊन बसतो. भागीदारीवाला मात्र आधी समोरच्याचं कौतुक करतो. "माणूस लई चांगला हुता, बाई," अशी सुरुवात होते आणि चहा संपेपर्यंत त्याच चांगल्या माणसाला आत टाकता येईल का, अशी विचारणा होते.

मंगळवार पेठेतल्या माझ्या ऑफिसात अशा कितीतरी जोड्या येऊन गेल्या. एका मिसळवाल्या जोडीचं भांडण रस्सा कुणाच्या हातचा यावरून होतं आणि दोघंही मला चव घ्यायला पातेली घेऊन आले होते. एका मंडपवाल्या जोडीने माझा सल्ला न ऐकता खुर्च्या निम्म्या निम्म्या वाटून घेतल्या आणि मग दोघांनाही धड एका लग्नाची ऑर्डर घेता येईना. या लोकांनी मला हसवलंही खूप. आता मी कामं कमी केलीत. पण या दिवाळी अंकासाठी एखादा अनुभव लिहा म्हटल्यावर डोळ्यांसमोर एकच दुपार आली. ती आठवली की आजही मी खुर्चीत सरळ बसते.

आनंदा चौगुले माझ्याकडे आले ते पावसाळा नुकताच संपलेला असताना. साठीकडे झुकलेले, दंडावर भाजल्याचे जुने डाग. शिरोली एमआयडीसीत त्यांची आणि मल्लाप्पा शेटे यांची लोखंड ओतायची फौंड्री होती. दोघांच्या नावांतून जुळवलेलं नाव होतं, 'मल्लानंद'. आनंदराव शेतकरी घरातले, हातात कसब. शेटे म्हणजे अण्णा, पेठ वडगावच्या व्यापारी लिंगायत घरातले, तोंडात साखर आणि बाजारात शब्द. गुऱ्हाळावर ऊस गाळायला जो चरक लागतो, त्याचे रूळ, दात्याची चाकं, सांगाडा असं सगळं ते दोघं बनवत. सीमेपलीकडे बेळगाव भागापर्यंत त्यांचे चरक जात.

"अण्णा माणूस सोन्यासारखा," आनंदराव म्हणाले. मी मनात म्हटलं, आलं.

भांडण झालं होतं ते एका मालावरून. चरकाची काही चाकं ओतून तयार होती, गाडी भरून उभी होती. आनंदरावांना चाकांत बारीक पोकळ्या दिसल्या आणि त्यांनी अण्णांना न विचारता गाडी रिकामी करायला लावली. गिऱ्हाईक अण्णांच्या पाहुण्यातलं होतं. अण्णांनी त्याला शब्द दिला होता. तो शब्द चारचौघांत पडला. अण्णा चिडले, बोलले. आनंदराव त्याहून जास्त बोलले. पुढे काही दिवसांनी ते कामावर गेले तर गेटवर नवीन रखवालदार. "तुमास्नी आत सोडायचं न्हाय असं सांगितलंय," म्हणाला. ज्या भट्टीचा पाया त्यांनी स्वतः उभं राहून घालून घेतला होता, तिच्या गेटावरून ते परत आले.

"आणि आता आमचे पॅटर्न हलवाय लागल्यात," ते म्हणाले.

पॅटर्न म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. जी वस्तू ओतायची तिची आधी लाकडाची नाहीतर ॲल्युमिनियमची हुबेहूब प्रतिकृती करतात. ती वाळूत दाबून काढली की तिच्या आकाराची पोकळी राहते आणि त्या पोकळीत वितळलेल्या लोखंडाचा रस ओततात. फौंड्रीची भट्टी पुन्हा विकत मिळते, पॅटर्न मिळत नाहीत. मल्लानंदचे सगळे पॅटर्न आनंदरावांनी वर्षानुवर्षं घासून, तासून, चुका दुरुस्त करत बनवले होते. आणि अण्णांचा पुतण्या बसवराज याने दुसऱ्या गाळ्यात स्वतःच्या नावाची फौंड्री काढायला घेतली होती. पॅटर्न तिकडे गेले की मल्लानंदमध्ये उरणार होत्या फक्त भिंती.

मी विचारलं, "भागीदारीची नोंदणी केली होती?"

"स्टँपवर लिहिलंय की. सह्या हायत दोघांच्या."

"ते करारपत्र झालं. फर्मची नोंदणी?"

हे दोन वेगळे कागद असतात हेच त्यांना माहीत नव्हतं. इथे आपल्या वाचकांनाही सांगायला हवं, कारण निम्मा बाजार या अज्ञानावर चालतो. भागीदारीची फर्म निबंधकाकडे नोंदवलीच पाहिजे अशी सक्ती नाही. न नोंदवता धंदा करणं गुन्हाही नाही. पण भागीदारी कायद्यात एकोणसत्तरावं कलम आहे. ते म्हणतं, फर्म नोंदवलेली नसेल तर करारातला हक्क मागायला भागीदाराने भागीदाराविरुद्ध दावा लावायचा नाही. मला गेटातून आत सोडा, मला माझ्या कामावर बसू द्या, करारात ठरलंय तसं वागा, असं काहीही म्हणत कोर्टात जायची सोय नाही. एक मोकळीक तेवढी ठेवली आहे. भागीदारीच मोडून द्या आणि हिशोब करून द्या, असा दावा मात्र लावता येतो.

हे मी आनंदरावांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला मोडायची न्हाय, बाई. मला आत जायचं हाय."

"आत जायचं म्हटलंत तर दावा दारातच फेटाळला जाईल. मोडायची म्हटलंत तरच पॅटर्न थांबवता येतील."

"म्हंजे वाचवायची असंल तर मारून मागायची?"

इतकी वर्षं हे कलम मी बोलत आले, पण ते इतक्या उघडपणे माझ्यासमोर कुणी ठेवलं नव्हतं. ते उठले, कोपऱ्यावरच्या तालमीपर्यंत चालत गेले, परत आले आणि वकीलपत्रावर सही केली. दावा तयार झाल्यावर त्याच्यावर सही करताना मात्र त्यांनी 'विसर्जन' या शब्दावर बोट ठेवलं. "हा शब्द गणपतीला वापरत्यात," म्हणाले, आणि सही केली.

अण्णा काही कच्चे नव्हते. त्यांनी आधीच कॅव्हेट लावून ठेवलं होतं, म्हणजे आमचं म्हणणं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज. त्यामुळे पहिल्याच दिवशी समोर त्यांचे वकील हजर. वयाने माझ्यापेक्षा मोठे, कोर्टातले सगळे वकील त्यांना तात्या म्हणतात. तात्या उभे राहिले की मला नेहमी आनंद होतो, कारण ते चांगले भांडतात.

तात्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला. "साहेब, माझ्या विद्वान भगिनी मूळ कायदा वाचतायत. महाराष्ट्राने त्यात दुरुस्ती केलेली आहे. आपल्याकडे बिननोंदणीच्या फर्मच्या भागीदाराला मोडण्याचा आणि हिशोबाचासुद्धा दावा लावता येत नाही. हे दारही बंद आहे." आणि त्यांनी पुस्तक न्यायाधीशांकडे दिलं.

पुस्तकात तसं छापलेलं होतं, ही खरी गंमत. मागच्या बाकावर आनंदराव ताठ झालेले मला न बघताही कळत होते. वकिलीत असे क्षण फार थोडे मिळतात. आपल्या हातात हुकमाचं पान असतं हे फक्त आपल्यालाच माहीत असतं. मी उठले. "तात्यासाहेबांचं पुस्तक बरोबर आहे, साहेब, पण जुनं आहे. ही दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवून रद्द केली आहे. हा निकाल." आणि मी छापील प्रत पुढे केली.

न्यायाधीशांनी निकाल वाचायला घेतला. तात्यांनीही माझ्याकडून एक प्रत मागून घेतली, चष्मा वर करून वाचली आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "चोर आहेस." त्यांच्याकडून मला मिळालेली ही सगळ्यात मोठी पावती.

हुकूम झाला. पॅटर्न, यंत्रं, माल, सगळं जैसे थे ठेवायचं. कोर्ट कमिशनर म्हणून जाधव वकिलांची नेमणूक, त्यांनी आजच्या आज जाऊन वस्तूंची यादी करायची. मी मागे वळले तर आनंदरावांच्या हातात फोन. शेजारच्या कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाचा. "बाई, टेम्पो लागलाय. पॅटर्न भरत्यात."

मग आमची जी पळापळ झाली ती मी कधी विसरणार नाही. जाधव वकील तब्येतीने भरलेले, कामात चोख, कपड्यांची घडी मोडू न देणारे. त्यांना मी जवळजवळ ओढत माझ्या गाडीत बसवलं. मागे आनंदराव. तावडे हॉटेलच्या चौकात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो तेव्हा जाधव म्हणाले, "मॅडम, मी कमिशनर आहे, मला धोका घ्यायला लावू नका." मी गाडी कडेच्या मातीतून काढली. पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोली गाठली.

गेटाशी पोचल्यावर मी आनंदरावांना बाहेरच थांबवलं. हुकुमात त्यांना आत सोडा असं नव्हतं. जबरदस्तीने घुसले असा आरोप मला नको होता. ते गेटाच्या गजांना धरून उभे राहिले.

आतलं दृश्य असं. आवारात टेम्पो, त्यात पॅटर्न रचलेले. शेडमध्ये भट्टी पेटलेली, रस तयार. म्हणजे एकीकडे काम चालू आणि एकीकडे उचलाउचल. आमचे काळे कोट बघितल्यावर कामगारांत कुजबुज झाली, "जप्ती आली." हातातलं टाकून ते एकेक करत बाहेर सटकले. बसवराजने टेम्पोवाल्याला ओरडून सांगितलं, "काढ गाडी, काढ." जाधव वकील हात आडवे करून टेम्पोसमोर धावले. मला त्यांचा त्या दिवशी अभिमान वाटला. ड्रायव्हर घाबरला, त्याने उलटी गाडी घातली आणि ती जाऊन आवारातल्या विजेच्या खांबावर आदळली.

मोठा आवाज झाला. तार तुटून ठिणग्या उडाल्या आणि सगळं बंद पडलं. पंखे, मोटारी, वरची क्रेन, सगळं. ड्रायव्हरला काही झालं नव्हतं, तो खाली उतरून डोकं धरून बसला. मला वाटलं, बरं झालं, आता पॅटर्न कुठे जात नाहीत.

पण शेडच्या दारात उभ्या असलेल्या अण्णांचा चेहरा मी बघितला. पांढरा शर्ट, कपाळावर भस्म, आणि चेहऱ्यात रक्त नाही. ते भट्टीकडे बघत होते. भट्टीवर मोरे नावाचा एकच माणूस जागेवर राहिला होता. भट्टीभोवतीच्या नळ्या जळू नयेत म्हणून त्याने त्यांत वरच्या टाकीचं पाणी सोडलं आणि ओरडला, "मालक, रस ओतायला पायजे. हितं थिजला तर भट्टी गेली."

भट्टी विजेवरची, वीज गेल्यावर रस थंड होत जातो. तो भट्टीतच गोठला तर आतलं अस्तर फुटतं, नळ्या जातात, पाणी रसाला लागलं तर स्फोट होतो. कोर्टाचा हुकूम सगळं जैसे थे ठेवा असा होता आणि लोखंड जैसे थे राहायला तयार नव्हतं. अण्णा माझ्याकडे वळले. "वकीलबाई, हात लावला तर कोर्टाचा अपमान हुईल?"

मी जाधवांकडे बघितलं. जाधवांनी तात्यांना फोन लावला. तात्यांचा आवाज फोनबाहेर आम्हालाही ऐकू आला, "ओता म्हणावं, आधी ओता." मीही म्हटलं, माझ्या पक्षकाराची हरकत नाही. जाधवांनी घाम पुसत तेवढं लिहून घेतलं.

पण ओतणार कोण? क्रेन बंद, म्हणजे मोठी बादली उचलायची नाही. हातबादल्या वापरायच्या. लांब दांड्याच्या मधोमध बादली, दोन टोकांना दोन माणसं, दोघांचं पाऊल एकदम पडलं पाहिजे. कामगार रस्त्यावर जाऊन उभे. बसवराज म्हणाला, "दोड्डप्पा, मी बोलावतो त्यांना." थोरल्या चुलत्याला त्यांच्यात असं म्हणतात. अण्णा म्हणाले, "तुझं ऐकून येतील व्हय ते?" आणि स्वतः गेटाकडे चालू लागले.

मी त्यांच्या मागे गेले. गजांच्या आत अण्णा, बाहेर आनंदराव. कित्येक महिन्यांत एकमेकांशी न बोललेली ही दोन माणसं.

"आनंदा, हीट अडकलीय. सगळा रस भट्टीतच हाय."

"दिसतंय मला."

"मग हुबा का राहिलास?"

आनंदरावांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, जाऊ का आत?"

"भागीदारानं बोलावलंय," मी म्हटलं. "जा."

अण्णांनी स्वतः कडी काढली. आनंदराव आत येताना रस्त्याकडे वळून एवढंच म्हणाले, "चला रं," आणि कामगार त्यांच्या मागोमाग आले. मोरे हाताने चक्र फिरवून भट्टी कलवू लागला. पहिली बादली भरली, जोडी निघाली. दुसरी भरली. तिसऱ्या बादलीला एक माणूस कमी पडत होता. अण्णांनी पायात बूट चढवले, हातमोजे घातले आणि दांड्याचं दुसरं टोक धरलं.

"अण्णा, राहू द्या. सवय मोडलीय तुमची."

"तू चाल."

ते चालले. मी शेडच्या खांबाला पाठ लावून उभी होते, एवढ्या लांबवरही चेहऱ्याला झळ लागत होती. नारिंगी, जवळजवळ पांढरा रस बादलीत डुचमळत होता, आणि ती दोन म्हातारी माणसं ओळीने मांडलेल्या साच्यांमधून एका पावलाने जात होती. "थांब," "कलव," "बास," एवढंच बोलणं. ठिणग्या उडत होत्या. जाधव वकिलांच्या कोटाच्या बाहीला भोक पडलं तरी ते हलले नाहीत, टक लावून बघत होते. साचे भरले, उरलेला रस वाळूत खड्डे करून ओतला. मोरेने भट्टीत डोकावून हात वर केला, रिकामी झाली. मी माझ्या नकळत टाळ्या वाजवल्या. कामगार माझ्याकडे बघायला लागले तेव्हा मला समजलं.

अण्णा एका उलट्या घमेल्यावर बसले. आनंदराव पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"ती चाकं खरंच खराब हुती?" अण्णांनी विचारलं.

"फोडून दाखवलं असतं. तुमी बघाय आला न्हाईसा."

"मला विचारायचं तरी हुतंस, आनंदा."

"व्हय. विचारायचं हुतं," आनंदराव म्हणाले.

त्यानंतर यादी झाली. टेम्पोतला एकेक पॅटर्न उतरवून मांडला, नाव आनंदराव सांगत होते, दुजोरा अण्णा देत होते, बसवराजसुद्धा उचलायला लागला. जाधवांच्या आयुष्यातली ही बहुतेक एकमेव यादी असेल जिच्यावर कुणीच हरकत घेतली नाही.

आता तुम्हाला वाटेल, इथे दावा संपला असेल. मलाही तसंच वाटलं होतं. न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं. तात्या आणि मी ठरवून आलो होतो की दोघांनी सह्या करून फर्म नोंदवून टाकायची आणि दावा मागे घ्यायचा. अण्णा तयार होते. म्हणाले, "झालं ते झालं, परत सुरू करूया." मी हसत माझ्या पक्षकाराकडे बघितलं.

आनंदराव म्हणाले, "न्हाय. मोडा."

मी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं. म्हटलं, सही करताना तुमचा जीव खालीवर होत होता, आणि आता समोरून हात पुढे येतोय तर नको म्हणताय?

ते कठड्याला टेकले. "बाई, आमी दोघंबी हट्टी. मी परत गाडी रिकामी करणार, ते परत शब्द देऊन बसणार. मग परत गेट बंद. त्या दिवशी त्यांनी कडी काढली, तेवढं मला पुरं हाय. ते आता बिघडवायचं न्हाय मला."

इतक्या वर्षांच्या वकिलीत मला पक्षकाराने इतका स्वच्छ युक्तिवाद ऐकवला नव्हता. आत जाऊन मी तात्यांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "त्येच्या मनासारखं करा."

मोडलं. फौंड्री आणि पॅटर्न आनंदरावांकडे, वडगावचं गोदाम आणि विक्रीचा सगळा व्यवहार अण्णांकडे. मल्लानंद हे नाव दोघांपैकी कुणीही वापरायचं नाही, असं ठरलं. ते वाक्य मी लिहिलं तेव्हा मला वाईट वाटलं. हुकूमनामा झाला त्या दिवशी न्यायाधीशांनी दोघांना विचारलं, समजून-उमजून करताय ना? दोघं एकदम "व्हय" म्हणाले.

गेल्या खंडेनवमीला आनंदरावांनी भट्टीच्या पूजेला बोलावलं म्हणून मी शिरोलीला गेले. गेटावर नवीन पाटी होती, आत झेंडूची माळ घातलेली भट्टी. आणि भट्टीसमोर खुर्ची टाकून अण्णा. वाळू ओली जास्त झाली म्हणून एका कामगारावर ओरडत होते. कामगार निमूट ऐकत होता आणि आनंदराव लांबून बघून न बघितल्यासारखं करत होते.

"अण्णा आज पाहुणे का?" मी मोरेला हळूच विचारलं.

"कशाचं पावणं," मोरे म्हणाला. "रोज येत्यात. जेवायच्या सुट्टीपर्यंत बसत्यात, दोघं मिळून डबा खात्यात आणि मग वडगावला जात्यात."

कोणत्या नात्याने, पगारावर की कशावर, काही लिहून घेतलंय का, असे चार प्रश्न माझ्या जिभेवर आले होते. अण्णांनी मला बघितलं आणि शेजारची खुर्ची ओढली. मी बसले, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि काही विचारलं नाही.